कलम सात आणि पुरलेले हंडे

हंडे शुक्रवारी संध्याकाळी पुरले, आणि शनिवारी सकाळी अकरा वाजता हॅस्केल घराणं ते वर येऊ न देण्यासाठी जमलं.

वरकरणी ती विश्वस्तांची वार्षिक सभा होती. मे महिन्यातला पहिला शनिवार, संस्थापक दिन, हॅस्केल अकॅडमीची हिरवळ. हिरवळ हा शब्द शाळेच्या माहितीपत्रकातला. प्रत्यक्षात मे महिन्यात आमच्या वेस्ट अँब्रोज गावात बर्फ वितळून नुसता चिखल असतो. पण चिखलाचा फोटो बघून चेंगडूहून किंवा हनोईहून कोणी पोटची पोर पाठवत नाही. म्हणून माहितीपत्रकात बाराही महिने ऑक्टोबर असतो.

त्या चिखलात एक खड्डा, खड्ड्यात निखारे, निखाऱ्यांत सहा लोखंडी हंडे, हंड्यांत काकवी आणि खारवलेलं डुकराचं मांस घातलेले बीन्स, आणि वर फूटभर माती. भोवती तीनशे माणसं कागदी ताटल्या धरून उभी. विश्वस्तांचं कामकाज संपल्याशिवाय हंडे काढायचे नाहीत, हा १८२३ पासूनचा रिवाज. संस्थापक ओबडाया हॅस्केल यांचा हिशेब असा की, भुकेला माणूस लांबण लावत नाही. आपले वंशज कसे निघतील याची त्यांना कल्पना नव्हती.

आमच्या राज्याचा इतिहास तसा सोपा आहे. १८२० साली आम्ही मॅसॅच्युसेट्सपासून वेगळे झालो आणि तेव्हापासून मॅसॅच्युसेट्सलाच काही ना काही विकत आलो. आधी झाडं विकली. ती ज्यांच्या जमिनीवर होती त्यांना विचारायचं राहून गेलं. झाडं संपल्यावर नदीवरचा बर्फ कापून विकला. मग बूट, मग कागद. कागदाची गिरणी बंद पडली तेव्हा विकायला एक शाळा आणि थंडी एवढंच उरलं, आणि गिऱ्हाईक पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला मिळालं. आता अकॅडमीत गावची बावीस मुलं होती आणि परदेशची चौऱ्याण्णव. हीच मुलं म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ उपसत, चर्चमध्ये गात, हंड्यांचा खड्डा खणत. गेल्या वर्षी ऐतिहासिक नाटकात ओबडायाचं काम एका कझाक मुलाने केलं. दाढी त्याची स्वतःची होती.

तरीही गावात भेटणारा प्रत्येक जण त्यांना एकच विचारी : “तू मूळची कुठली?” आणि उत्तर काहीही आलं तरी म्हणे, “अरे वा. लांब आहे.”

“दोन विरुद्ध दोन,” ओरिन हॅस्केल म्हणाला. “सलग तिसऱ्यांदा.”

“चौथ्यांदा,” युनिस म्हणाली.

“तिसऱ्यांदा, युनिस.”

“तू तिसऱ्यांदा म्हणालास म्हणून तर चौथ्यांदा.”

ओरिन एक्याऐंशीचा, युनिस त्याची थोरली बहीण, शहाऐंशीची. टेबलाच्या टोकाला ओरिन बसला होता आणि त्याच्या मांडीवर आकडा होता. हंडे उचलायचा तो हातभर लांब लोखंडी आकडा ज्याच्याकडे, तो अध्यक्ष. ओरिनकडे तो बावीस वर्षं होता आणि घरी तो त्याने पाठ खाजवायलाही वापरला होता, असं त्याची सून सांगे.

प्रश्न विक्रीचा होता. बॉस्टनच्या एका कंपनीला अकॅडमी हवी होती. परदेशी मुलं कंपनी ठेवणार, गावची बावीस मुलं बसने डंकर्टनला धाडणार आणि मुलींचं जुनं वसतिगृह पाडून तिथे स्वागतकेंद्र बांधणार. ओरिन आणि त्याचा मुलगा कर्टिस विक्रीच्या बाजूने. युनिस आणि तिची मुलगी लिओना विरोधात. पाचवा विश्वस्त म्हणजे धाकटा भाऊ डेलमाँट. तो जानेवारीत गेला आणि तेव्हापासून घराणं बरोबर मधोमध चिरलं गेलं होतं.

डेलमाँटची बायको वर्ना टेबलापासून चार पावलांवर उभी होती. तिला खुर्ची नव्हती, मतही नव्हतं. होतं ते वसतिगृह. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकतीस वर्षं राहिली होती. शेकडो पोरींचे ताप, रडणी आणि पळून जायचे बेत तिने तिथेच निस्तरले होते. कंपनीच्या नकाशात त्या दोन खोल्यांवर एक कारंजं होतं.

“पाचवी जागा भरू या आणि सुटू या,” कर्टिस म्हणाला. तो पोर्टलंडमध्ये घरं विकायचा आणि कुठल्याही घरात शिरला की आधी छताकडे बघायचा. इथे छत नव्हतं, म्हणून आभाळाकडे बघत होता. “मी माझ्या मुलीचं, मॅडिसनचं नाव सुचवतो. बॉस्टनमध्ये शिकते, मत फोनवरून देईल.”

“मी वर्नामामीचं सुचवते,” लिओना म्हणाली. लिओना गावाच्या कचेरीत कारकून होती. जन्म, मृत्यू आणि कुत्र्यांचे परवाने तिच्याकडे. “ही शाळा गेली तीस वर्षं मामीने चालवली आहे. मुख्याध्यापक फक्त सह्या करतात.”

मुख्याध्यापक बाजूलाच उभे होते. त्यांनी मान डोलावली, मग थांबवली.

ओरिन हसला. हे येणार हे त्याला माहीत होतं. तो काल रात्रीपासून या क्षणाची वाट बघत होता आणि त्यासाठी त्याने दिवाणखान्याच्या भिंतीवरची चौकट खिळ्यासकट काढून आणली होती.

“वर्ना चांगली बाई आहे,” तो तीनशे लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला. “पण वर्ना डंकर्टनची आहे.”

डंकर्टन नऊ मैलांवर आहे. तिथले लोक बीन्समध्ये टोमॅटो घालतात.

“अडतीस वर्षं झाली लग्नाला, भाऊजी,” वर्ना म्हणाली.

“मांजर भट्टीत व्यायली म्हणून पिल्लांना कोणी पाव म्हणत नाही, वर्ना. बाहेरचा तो बाहेरचाच. हे मी म्हणत नाही, ओबडाया म्हणतो.” त्याने चौकट वर धरली. “सनद, कलम सात! ‘या अकॅडमीचा विश्वस्त याच गावच्या हद्दीत जन्मलेला असावा. नवा नेमायचा तो अठराच्या वर आणि चाळिशीच्या आत असावा, कारण म्हातारे झोपतात.’ झालं? वर्ना बाद.”

लोकांत कुजबुज झाली. कलम सात कोणी ऐकलेलं नव्हतं. खरं तर ते गावात फक्त परदेशी मुलांनीच वाचलं होतं, कारण त्यांना पहिल्या वर्षी राज्याच्या आणि शाळेच्या इतिहासाची परीक्षा सक्तीची होती. गावच्या मुलांना ती माफ होती. त्यांना इतिहास रक्तातून येतो असं धरून चालत.

लिओनाने ते वाक्य मनात पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. कारकुनी मेंदूला एक खोड असते : नियम दुसऱ्यासाठी वाचला तरी तो सगळ्या फायलींना लावून बघतो.

“मामा,” ती म्हणाली, “कर्टिस लुइस्टनला झाला ना?”

“मग?”

“हॉस्पिटलात?”

“नाहीतर काय गोठ्यात? गावातली बाळंतपणाची खोली सत्तर साली बंद झाली. तिथे आता बर्फगाड्यांचे सुटे भाग मिळतात. सगळ्या गावाची बाळंतपणं लुइस्टनला होतात.”

“तेच म्हणते मी. कर्टिस या गावच्या हद्दीत जन्मलेला नाही. आणि मॅडिसन तर नाहीच नाही.”

कर्टिसची नजर आभाळातून खाली आली. “मी दहा वर्षं विश्वस्त आहे!”

“दहा वर्षं नव्हतास,” लिओना म्हणाली. “मीही नव्हते. मीसुद्धा लुइस्टनचीच. मी उठते. तूही ऊठ.”

दोघं उठली. कर्टिसला कुठे उभं राहायचं कळेना, तेव्हा तो वर्नाशेजारी जाऊन उभा राहिला. तिथून टेबल फार लांब दिसतं, हे त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

“पप्पा, हे काय करून बसलात?” तो ओरडला.

पण ओरिन गडबडला नव्हता. त्याने चौकट डोळ्यांजवळ नेली आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

“कलम आठ,” तो म्हणाला. “‘विश्वस्त दोघांहून कमी नसावेत, कारण एकटा निर्णय घेणारा राजा होतो, आणि राजा आपण नुकताच घालवला. दोघंच उरले आणि मतं फुटली, तर आकडा ज्याच्या हाती त्याचं चालावं, कारण हंडे कोणीतरी काढलेच पाहिजेत.’” त्याने आकडा उचलला. “उरलो मी आणि युनिस. आकडा माझ्या हातात. घेऊ या का मत?”

वर्नाने वसतिगृहाकडे पाहिलं. खिडक्यांतून पोरींचे मोजे वाळत होते. इतक्या वेळा सांगूनही.

खड्ड्यातून एक बारीक वास आला. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, “काकवी करपतेय हो!” कोणी लक्ष दिलं नाही.

युनिसने पर्स उघडली. युनिसची पर्स उघडली की घराण्यातले सगळे गप्प होत. मागच्या वेळी त्यातून एक मृत्युपत्र निघालं होतं.

“ओरिन,” ती म्हणाली, “तू डंकर्टनचा आहेस.”

“काहीतरी बडबडू नकोस.”

“आईने शपथ घातली होती म्हणून बोलले नाही. बाप गेला, आई गेली, तरी बोलले नाही. पण तू आज पोरांसमोर पावाची आणि मांजराची गोष्ट सांगितलीस. ही गोष्ट मी तुझ्या तोंडून सत्तर वर्षं ऐकतेय, आणि दर वेळी मला रुमाल तोंडात कोंबावा लागतो.” तिने एक तपकिरी फोटो टेबलावर ठेवला. “डंकर्टनची जत्रा. बैलांची वजन ओढायची शर्यत. आईला आठवा महिना सरलेला, बाप म्हणाला घरी बस, ती म्हणाली माझे बैल मी बघणार. तिसऱ्या फेरीत तू आलास. तंबूत, गवतावर. मी पाच वर्षांची होते, मला कंदील धरायला लावला होता.”

“माझी नोंद गावात आहे!”

“बापाने दुसऱ्या दिवशी येऊन खोटी घातली. हॅस्केलचा पोरगा डंकर्टनला झाला हे कोण सांगेल? बैल जिंकले म्हणून, नाहीतर त्याने तुझ्याकडे बघितलंही नसतं. मागे वाच. अक्षर आईचं.”

ओरिनने फोटो उलटा केला. त्याचे ओठ हलले. मग थांबले.

“जोडीचं नाव ओटिस आणि ओरिन होतं,” युनिस शांतपणे म्हणाली. “डावीकडचा ओरिन.”

फोटोतला डावीकडचा बैल कॅमेऱ्याकडे रोखून बघत होता. कर्टिस पुढे वाकून बघत होता. त्याने एकदा बैलाकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि पुढचं काही न बोलण्याइतका तो नक्कीच शहाणा होता.

“हा फोटो तू पर्समध्ये घेऊन हिंडत होतीस?” ओरिनचा आवाज बारीक झाला होता. “कधीपासून?”

“पंचावन्न वर्षं. योग्य वेळ यावी लागते.”

ओरिनने आकडा टेबलावर ठेवला. तो उठला, आणि टेबलापलीकडे सगळे बाहेरचे उभे होते तिथे न जाता तिसऱ्याच दिशेला, एका बाकावर, एकटाच जाऊन बसला.

आता वास बारीक राहिला नव्हता. पेच मात्र नवा होता. विश्वस्त एकच उरला होता, निर्णयासाठी दोन हवे होते, आणि विक्री करायची की नाही हे ठरल्याशिवाय हंडे निघणार नव्हते. रिवाज मोडावा असं एकाच्याही मनात आलं नाही. सहाच्या सहा हंडे जळून कोळसा झाले असते तरी आम्ही ताटल्या धरून उभे राहिलो असतो.

लिओना खुर्चीवर चढली. “ऐका! या गावच्या हद्दीत जन्मलेलं, अठराच्या वरचं आणि चाळिशीच्या आतलं कोणी आहे का?”

तीनशे माणसं. बहुतेक सगळ्यांनी आयुष्यात कधी ना कधी दुसऱ्या कोणाला तरी बाहेरचा म्हटलं होतं. सगळे आपल्या ताटल्यांकडे बघू लागले.

शेळ्या पाळणाऱ्या ड्वेन क्रॉकेटने हात वर केला. “मी अँब्युलन्समध्ये झालो.”

“हद्दीवरच्या पुलाच्या अलीकडे की पलीकडे?”

ड्वेनने विचार केला. त्याच्या आईने मागून त्याचा हात खाली ओढला. “पलीकडे,” ती म्हणाली.

वर्नाला उत्तर माहीत होतं. कलम सात कानावर पडलं तेव्हाच माहीत होतं, आणि ती ओठ घट्ट मिटून उभी होती. अठरा वर्षांपूर्वीचं ते हिमवादळ, तीन दिवस बंद रस्ता, डंकर्टनच्या पुलावर बर्फ काढणाऱ्या गाडीमागे अडकलेली अँब्युलन्स. वसतिगृहातली धुलाईची खोली, कपड्यांच्या घड्या घालायचं लांब टेबल, आणि त्यावर चिनी शिकवायला वर्षभरासाठी आलेली तांग वेईलान. वर्ना पुस्तकात वाचून सूचना देत होती आणि पुस्तक वासरांचं होतं.

त्या टेबलावर जन्मलेली पोरगी आता फावडं घेऊन खड्ड्याशी उभी होती. चेंगडूत वाढली, शेवटच्या वर्षासाठी आईने इथे पाठवली. वर्नाने तिच्याकडे बघून मान हलवली : नको. या शाळेने या पोरींना माहितीपत्रकात वापरलं, बर्फ उपसायला वापरलं, नाटकात वापरलं. घराण्याच्या भांडणात तरी नको.

पोरीने ते पाहिलं. समजलंही.

“मी आहे,” ती म्हणाली.

तीनशे माना आधी इकडेतिकडे वळल्या. आवाज कोणाचा हे कळायला वेळ लागला.

“ही?” कर्टिस म्हणाला. “ही परदेशी विद्यार्थिनी आहे!”

“धुलाईच्या खोलीत,” तांग शिन्यू म्हणाली. “वर्नामावशींना विचारा. त्या होत्या.”

“जन्मनोंद, पान दोनशे अकरा,” लिओना खुर्चीवरून म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. “सत्तर सालानंतर या गावात झालेला एकुलता एक जन्म. मीच लिहिला. तांग शिन्यू वर्ना. अठरा पूर्ण, फेब्रुवारीत. मी गाढव आहे. वर्षभर मी तिला विचारतेय, आमचं गाव आवडलं का.”

“मग हिच्याकडून परदेशी म्हणून फी का घेतली?” मागून कोणीतरी विचारलं.

मुख्याध्यापक आपल्या बुटांवरचा चिखल फार बारकाईने बघू लागले.

“मी नेमते,” युनिस म्हणाली. “मी एकटी शिल्लक आहे, मी कोणालाही नेमीन. ये गं पोरी, बस. आणि हा आकडा तू धर. माझा खांदा गेलाय, हंडे काही मी उचलणार नाही.”

शिन्यूने फावडं टेबलाला टेकवलं आणि आकडा घेतला.

“विक्रीच्या विरोधात मी,” युनिस म्हणाली. “आता तू बोल म्हणजे—”

“नका विकू!” बाकावरून ओरिन गरजला. सगळे वळले. त्याचा चेहरा लाल झाला होता. “काय विकायचं ते? बाहेरच्यांनी बाहेरच्यांची शाळा बाहेरच्यांना विकायची? माझंही म्हणणं आता नका विकू!”

वर्नाचे खांदे सैल पडले. लिओनाने टाळी वाजवायला हात उचलले.

युनिसचा चेहरा मात्र विचित्र झाला होता. घास घशात अडकावा तसा.

“ओरिन नको म्हणतोय?” तिने विचारलं.

“हो, आई. सगळेच आता—”

“मग मी माझं मत बदलते. विका.”

“आई!”

“ओरडू नकोस. साठ वर्षांची इतिवृत्तं काढून बघ. ओरिनने एखादी गोष्ट म्हणावी आणि ती बरोबर निघावी, असं एकदाही झालेलं नाही. तो नको म्हणतोय म्हणजे विकण्यात नक्कीच काहीतरी चांगलं असणार. मला ते इतके दिवस दिसलं नाही, एवढंच.”

हॅस्केल घराण्यात सूर बदलायला असा कितीसा वेळ लागतो, हे एव्हाना दिसलंच आहे. कर्टिसने तेवढाही घेतला नाही. तो टेबल ओलांडून शिन्यूपाशी पोचला आणि घर विकतानाचा आवाज काढला.

“बाळा, नीट विचार कर. कंपनी मोठी आहे. तुझ्यासारख्या मुलींचंच भलं आहे यात. स्वागतकेंद्राला तुझं नाव देता येईल.”

“वसतिगृह पाडणार?”

“पाडणार म्हणजे… त्याच्या स्मृती जपूनच पाडणार.”

“आणि धुलाईची खोली?”

कर्टिसने नकाशा आठवला. तो खोटं बोलू शकला असता. पण जागेचा प्रश्न आला की त्याला खरं बोलायची धंद्याची सवय होती. “तिथे पार्किंग आहे,” तो म्हणाला. “पण वर छप्पर असेल.”

शिन्यूने मान हलवली. “मी विरोधात.”

“एक विरुद्ध एक,” लिओना म्हणाली, आणि तिने चौकट उचलली. वाचायची गरज नव्हती. “कलम आठ. आकडा ज्याच्या हाती.”

सगळ्यांनी आकड्याकडे पाहिलं. युनिसनेही पाहिलं, मग आपल्या खांद्याकडे पाहिलं, आणि त्याला एक शिवी दिली जी शहाऐंशी वर्षांच्या बाईला येत असेल असं चर्चमधल्यांना वाटलं नव्हतं.

“विक्री नामंजूर,” शिन्यू म्हणाली. “सभा संपली. माती काढा.”

माती निघाली. आकड्याने एकेक हंडा वर आला. सहाही हंड्यांत वरचा दोन बोटं थर कोळसा झाला होता. खाली मात्र बीन्स नरम, काळपट गोड आणि धुराचे, जसे असायला हवेत तसे. रांग लागली. शिन्यू पळीने वाढत होती.

वर्ना तिच्याशेजारी पावाचे तुकडे करत होती. सुरी बराच वेळ एकाच तुकड्यावर चालली.

“मी तुला नको म्हणून खुणावलं होतं,” ती शेवटी म्हणाली.

“तुम्ही त्या दिवशी आईलाही म्हणाला होतात, अजून नको, रस्ता उघडू दे,” शिन्यू म्हणाली. “आई सांगते. मी तेव्हाही ऐकलं नाही.”

वर्नाने पुढचा पाव घेतला. तो तिला नीट दिसत नव्हता. धूर फार होता.

रांगेच्या अगदी शेवटी ओरिन आला. बावीस वर्षं त्याने पहिली ताटली घेतली होती. आता त्याच्यापुढे कर्टिस होता, ड्वेन क्रॉकेट होता, ड्वेनची आई होती, डंकर्टनहून फुकट जेवायला आलेले दोघंही होते. त्याने ताटली पुढे केली. शिन्यूने पळी हंड्यात घातली आणि तिथेच ठेवली.

“तुम्ही मूळचे कुठले?” तिने विचारलं.

ओरिनने तिच्याकडे पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. वसतिगृहात पहिल्या दिवशी बॅगा घेऊन उतरलेल्या पोरींकडे बघताना त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असे, तेवढंच आदबशीर कुतूहल होतं.

त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. युनिस रुमाल तोंडाशी धरून बसली होती.

“डंकर्टन,” तो म्हणाला.

शिन्यूने पळीने वरचा करपलेला थर बाजूला सारला आणि मधले बीन्स त्याच्या ताटलीत वाढले.

“अरे वा,” ती म्हणाली. “लांब आहे.”